मेल परत यायलाय? डिलीट करू नका, त्यावरचा शेरा वाचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या ओळखीचे एक टॉवेलवाले अण्णा आहेत, त्यांचा एकदा सकाळी साडेनऊला फोन आला, "जर्मनीच्या पार्टीला प्रोफॉर्मा जाईना झालाय बग, कालपासनं अकरा वेळा पाठवला, अकराच्या अकरा परत." प्रोफॉर्मा म्हणजे माल पाठवायच्या आधी द्यायचं बिल. मी म्हटलं अण्णा, ते परत आलेले मेल तेवढे मला फॉरवर्ड करा. तर म्हणाले ते कशाला ठेवायचे, इंग्लिशमधी लांबलचक कायतरी होतं, काढून टाकले.

असं मी सारखं बघतो. आधी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात डिस्पॅच आणि मेल दोन्ही माझ्याकडं होतं, आता चार-पाच कारखान्यांचं कॉम्प्युटरचं काम बघतो, चिंचोळीपासून होटगी रोडपर्यंत. सगळीकडं गोष्ट एकच, परत आलेला मेल कुणी वाचत नाही. सगळं उत्तर तर त्यातच असतंय. पोस्टानं पाठवलेलं पाकीट परत आलं की त्यावर पोस्टमनचा शेरा असतो ना, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, गाव सोडून गेले, तसाच हा शेरा. तो न वाचता तेच पाकीट अकरा वेळा पेटीत टाकलं तर अकरा वेळा परत येणार, आणि इथं वरनं एक नुकसान पण आहे, समोरचा फिल्टर, म्हणजे त्यांच्याकडं येणारे मेल तपासणारं सॉफ्टवेअर, बघतो की एकाच ठिकाणाहून नाकारलेला मेल सारखा सारखा यायलाय, आणि आपल्याबद्दलचं मत अजून खराब करून घेतो.

म्हणून नवीन लोकांसाठी, म्हणजे ऑफिसात मेल बघणारी मुलं-मुली, अकाउंटवाले, एक्सपोर्ट डॉक्युमेंट करणारे, यांच्यासाठी मी कसं बघतो ते पायरी-पायरीनं लिहितो.

पहिलं काम: बाउन्स जपून ठेवा, आणि तो खरा आहे का बघा

परत आलेल्या मेलला बाउन्स म्हणतात. पाठवणाऱ्याच्या जागी मेलर डीमन किंवा पोस्टमास्टर असं नाव असतं. हा बाउन्स बहुतेक वेळा आपल्याच मेल सर्व्हरनं, म्हणजे आपले मेल पाठवणाऱ्या मशीननं, लिहिलेला असतो. होतं असं की आपला सर्व्हर समोरच्या कंपनीच्या सर्व्हरला जाऊन म्हणतो हा मेल घ्या, तो तिथंच दारात नाही म्हणतो आणि एका ओळीत कारण सांगतो, मग आपला सर्व्हर ती ओळ जशीच्या तशी उतरवून आपल्याला पाठवतो. आपल्याला पाहिजे ती तेवढी एक ओळ. बाकीचं लांबलचक सोडून दिलं तरी चालतंय.

चुकून डिलीट केला असला तर घाबरू नका, जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो. अण्णांचे अकराही तिथंच सापडले.

पण एक काळजी घ्या, खोटे बाउन्स पण येतात. "तुमचे ७ मेल अडकलेत, सोडवायला इथं क्लिक करा" असं लिहिलेलं असतं, क्लिक केलं की हुबेहूब लॉगिनचं पान उघडतं आणि पासवर्ड मागतं. खरा बाउन्स कधीच पासवर्ड मागत नाही. आणि तुम्ही न पाठवलेल्याच मेलचे बाउन्स ढिगानं यायला लागले तर दोनातलं एक आहे, एक तर कुणीतरी तुमच्या नावानं बाहेरून खोटे मेल पाठवतंय, नाही तर तुमचंच अकाउंट कुणाच्या तरी हातात गेलंय. सेंट फोल्डर बघा, सेटिंगमध्ये जाऊन आपण न लावलेला फॉरवर्डिंगचा पत्ता किंवा फिल्टर कुणी लावून ठेवलाय का बघा, पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डशिवाय अजून एक खात्री, जसा फोनवरचा कोड) चालू करा. फॉरवर्डिंग बघायला लोक हमखास विसरतात आणि पासवर्ड बदलल्यावर पण सगळे मेल चोराकडं जात राहतात.

दुसरं: आकडा शोधा

बाउन्समध्ये तीन आकडी कोड असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढं टिंबं असलेला अजून एक, म्हणजे ५५० ५.७.१ असा. मेलमध्ये हे इंग्रजी आकड्यात असतात.

पहिला आकडा ४ असला तर तात्पुरतं, आत्ता नाही नंतर या. ५ असला तर कायमचं नाही. हे एवढं कळलं तरी निम्मं डोकं शांत होतं. ४ वाल्यात सहसा तुम्ही काहीच करायचं नसतं, तुमचा सर्व्हर स्वतःच थांबून थांबून परत प्रयत्न करत राहतो. काही कंपन्यांचे फिल्टर अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम ४५१ देऊन परत पाठवतात, कारण खरा सर्व्हर थोड्या वेळानं परत येतो आणि स्पॅम पाठवणारी मशीनं सहसा परत येत नाहीत. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. नवीन परदेशी पार्टीला पहिलाच मेल पाठवला आणि "डिले" असा निरोप आला तर तास-दोन तास गप बसा. ४२१ आला तर बहुतेक वेळा तुम्ही एकदम फार मेल पाठवताय, वेग कमी करा.

टिंबवाल्या कोडात मधला आकडा बघायचा. १ म्हणजे पत्त्याचा घोळ, २ म्हणजे समोरच्याची मेलबॉक्स, ३ म्हणजे त्याच्या सिस्टिमची मर्यादा, ४ म्हणजे रस्ता म्हणजे नेटवर्क किंवा डीएनएस (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरचं ते सांगणारी इंटरनेटची नोंदवही), ६ म्हणजे मेलमधला मजकूर किंवा त्याचा फॉरमॅट, आणि ७ म्हणजे सिक्युरिटी किंवा त्यांच्या कंपनीचा नियम. स्पॅम फिल्टरनं हाकललेले मेल जास्त करून ७ मध्येच सापडतात.

५.१.१ म्हणजे असा माणूसच नाही इथं. स्पेलिंग बघा, जुन्या मेलवरनं कॉपी करा, तो माणूस नोकरी सोडून गेलाय का फोन करून विचारा. मायक्रोसॉफ्ट हेच ५.१.१० म्हणून सांगतो. ५.२.२ म्हणजे बॉक्स भरलीय, त्यांनाच कळवायला लागतं. ५.३.४ म्हणजे मेल फार मोठा. याच्यावर पुढं बोलतो कारण आपल्याकडं डिझाइनचे फोटो पाठवताना हे फार होतं.

आता ७ वाले. ५.७.१ हा सगळ्यात त्रासाचा, कारण त्याचा अर्थ नुसता "नियमानुसार नाकारला" एवढाच, खरं कारण पुढच्या वाक्यात असतं, ते वाक्य वाचायलाच लागतं. ५.७.२३ आणि ५.७.२४ एसपीएफचा घोळ, ते काय असतं ते चौथ्या पायरीत सांगतो. ५.७.२५ म्हणजे पाठवणाऱ्या आयपीला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर) उलटं नाव नाही, म्हणजे नंबरावरनं नाव शोधलं तर सापडत नाही, याला रिव्हर्स डीएनएस म्हणतात. ५.७.२६ जीमेलकडून हमखास येतो, तुमची ओळख पटत नाही असा अर्थ. ५.७.५१५ आउटलुक डॉट कॉम आणि हॉटमेलकडून, २०२५ च्या मे महिन्यापासून, दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांची ओळख पक्की नसली तर. ५.७.६०६ पासून ५.७.६४९ पर्यंत काहीही आलं तर मायक्रोसॉफ्टनं तुमचा आयपीच बंद केलाय.

तिसरं: नाकारलं कुणी?

ही पायरी बरेच लोक सोडून देतात. बाउन्समध्ये रिमोट सर्व्हर म्हणून एक नाव असतं. समोरची कंपनी टॉवेल विकत घेणारी असली तरी तिच्या दारात बसलेला फिल्टर दुसऱ्याच कंपनीचा असतो, आणि तो कुणाचा हे त्या नावावरनं कळतं. नावात पीपीहोस्टेड असलं तर प्रूफपॉइंट. प्रोटेक्शन डॉट आउटलुक असलं तर मायक्रोसॉफ्ट ३६५. माइमकास्ट आणि बाराकुडा नावातच दिसतात. आयपीएचएमएक्स असं काही दिसलं तर सिस्को. एएसपीएमएक्स आणि गूगल असलं तर गूगल वर्कस्पेस.

याचा उपयोग काय, तर प्रत्येकाची भाषा वेगळी. प्रूफपॉइंटनं आयपीवरून अडवलं तर ते वाक्यातच आपल्या आयपी-चेक पानाचा पत्ता देतात. माइमकास्टचा ४५१ आला आणि "इंटर्नल रिसोर्स टेम्पररीली अनअव्हेलेबल" असं दिसलं तर वाचून वाटतं त्यांचा सर्व्हर बंद पडलाय, पण ते जास्त करून वरचंच ग्रेलिस्टिंग असतंय. सिस्को "पुअर रेप्युटेशन" म्हणतो, मग त्यांच्या टॅलोस नावाच्या साइटवर आपला आयपी टाकून बघायचा. बाउन्समधल्या लिंकवर थेट क्लिक करण्यापेक्षा पत्ता स्वतः ब्राउझरमध्ये टाइप करा, खोट्या बाउन्सचं वर सांगितलंच.

चौथं: आपलंच घर बघा, एसपीएफ, डीकिम, डीमार्क

इथं जरा वेळ द्या, कारण माझ्या अनुभवात आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचे जास्तीत जास्त बाउन्स इथंच निघतात.

तुमचं स्वतःचं डोमेन आहे, म्हणजे कंपनीच्या नावाचा मेल आहे. आता ईमेल अशी गोष्ट आहे की पाठवणाऱ्याच्या जागी कुणी कुणाचंही नाव टाकू शकतो. म्हणून समोरचा फिल्टर तीन गोष्टी तपासतो.

एसपीएफ म्हणजे यादी. समजा तुम्ही गिऱ्हाइकाला कळवून ठेवलं की आमचा माल या या ट्रान्सपोर्टमधनंच येईल, दुसऱ्या गाडीतनं आमच्या नावाचा माल आला तर उतरवून घेऊ नका. तसं आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टेक्स्ट रेकॉर्ड असतो, त्यात कुठले सर्व्हर आपल्या नावानं मेल पाठवू शकतात ते लिहिलेलं असतं. यात तीन चुका हमखास होतात. मेल जुन्या होस्टिंगवरनं (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर नेला पण यादी जुनीच राहिली, ही पहिली. दुसरी, नवीन रेकॉर्ड टाकला पण जुना काढलाच नाही, म्हणजे दोन एसपीएफ झाले. एका डोमेनला एकच एसपीएफ चालतो, दोन असले की तपासणारा परमएरर, म्हणजे रेकॉर्डच चुकीचा, म्हणतो आणि दोन्ही गेले. दोन ठिकाणाहून मेल पाठवायचे असले तरी एकाच ओळीत दोघांची नावं घालायची. तिसरी, नावं घालत घालत इतकी घातली की तपासताना १० च्या वर डीएनएस शोध लागायला लागले, ती मर्यादा नियमातच आहे, ओलांडली की तोच परमएरर.

डीकिम म्हणजे गठ्ठ्यावरचं सील. प्रत्येक मेलवर आपला सर्व्हर एक डिजिटल सही करतो, त्याची जाहीर चावी डीएनएसमध्ये असते, समोरचा ती जुळवून बघतो की मेल खरंच इथनंच निघालाय आणि वाटेत कुणी बदललेला नाही. गूगल वर्कस्पेस घेतलं म्हणून तुमच्या डोमेनच्या नावाचं सील आपोआप लागत नाही, हे फार जणांना माहीतच नसतं. ॲडमिन कन्सोलमध्ये जाऊन ॲप्स, मग गूगल वर्कस्पेस, मग जीमेल, तिथं ऑथेंटिकेट ईमेल, चावी तयार करायची, २०४८ बिटची घ्यायची, ती डीएनएसमध्ये टाकायची, आणि परत येऊन स्टार्टचं बटण दाबायचं. शेवटचं बटण दाबायचं राहून गेलेलं मी तीन कारखान्यात बघितलंय.

डीमार्क म्हणजे समोरच्याला दिलेली सूचना, की वरच्या दोन्हीत आमचं नाव जुळलं नाही तर काय करायचं, नुसतं बघायचं, स्पॅममध्ये टाकायचं का परत पाठवायचं. सुरुवात नेहमी "नन" म्हणजे नुसतं बघा यावर करायची आणि रिपोर्टसाठी एक मेल पत्ता द्यायचा. पहिल्याच दिवशी "रिजेक्ट" टाकला आणि टॅलीतनं जाणारे इनव्हॉइस, वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म, पगाराचं सॉफ्टवेअर, यातलं काहीतरी यादीत घालायचं राहिलेलं असलं तर आपलेच मेल आपणच बंद केले असं होतं.

हे आत्ताच एवढं कडक का झालं, तर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम लावले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडं एसपीएफ किंवा डीकिम पाहिजेच, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याकडं तिन्ही पाहिजेत. आधी दहा वर्षं चाललं तर आता काय झालं, असं मालक लोक विचारतात, त्याचं उत्तर हे.

तपासायला काही विकत घ्यायला लागत नाही. ऑफिसच्या मेलवरनं स्वतःच्या घरच्या जीमेलला एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर तो उघडा, तीन टिंबांवर जाऊन "मूळ दाखवा" म्हणा. वरतीच एसपीएफ, डीकिम, डीमार्क आणि त्यांच्यापुढं पास का फेल ते दिसतं. डीकिम पास दिसलं तरी त्याच्यापुढं डोमेन कुणाचं लिहिलंय ते वाचा, तुमचं स्वतःचं पाहिजे.

आणि आता खरी अडचण, जी कुठल्याच सेटिंगमध्ये दिसत नाही. डीएनएसचा पासवर्ड कुणाकडंय? आपल्याकडं डोमेन घेतलेलं असतं वेबसाइट करणाऱ्या पोरानं, त्याच्या स्वतःच्या मेलवर, तो पोरगा हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेला तो तिकडंच नोकरीला लागला, नंबर बदलला, आणि मालकाला वाटतं डोमेन माझं आहे. अडचण आल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा आज विचारा, डोमेन कुठल्या कंपनीकडं रजिस्टर आहे, लॉगिन कुणाचं, रिन्यूअलची तारीख काय, आणि ते कंपनीच्या नावावर करून घ्या. त्या खात्याचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा ठेवू नका, कारण डोमेन संपलं की तो मेल पण बंद, मग रिन्यूअलचा निरोप कुठं येणार. रिन्यू न झालेल्या डोमेनवरनं पाठवलेले मेल पण परत येतात, आणि लोक फिल्टरला दोष देत बसतात.

पाचवं: ब्लॅकलिस्ट

बाउन्समध्ये स्पॅमहॉस, बाराकुडा, किंवा ब्लॉकलिस्ट, लिस्टेड असे शब्द आले तर तुमचा आयपी किंवा डोमेन कुठल्यातरी काळ्या यादीत गेलंय. स्पॅमहॉस ही त्यातली सगळ्यात वजनदार, १९९८ पासून चालू आहे. त्यांच्या तपासणीच्या पानावर आयपी टाकला की कुठल्या यादीत आणि का ते दिसतं.

यादी कुठली हे बघणं गरजेचं आहे. स्पॅमहॉसच्याच एक्सबीएल, पीबीएल अशा वेगवेगळ्या याद्या आहेत. एक्सबीएलमध्ये असला तर बहुतेक तुमच्या नेटवर्कवरचं एखादं मशीन व्हायरसनं पछाडलंय, आधी ते शोधा. पीबीएलमध्ये असला तर घाबरायचं कारण नाही, त्यात घरगुती ब्रॉडबँडचे आयपी मुळातच टाकलेले असतात, अर्थ एवढाच की अशा कनेक्शनवरनं थेट मेल पाठवायचा नसतो. हे कधी होतं तर टॅली किंवा स्कॅनर मशीन किंवा एखादं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर स्वतःच थेट मेल ढकलत असतं. त्याच्या सेटिंगमध्ये आपल्या मेल कंपनीचा एसएमटीपी (म्हणजे मेल पाठवायचा) सर्व्हर, पोर्ट ५८७, आणि युजरनेम-पासवर्ड टाका. गूगल असलं तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड, म्हणजे त्या सॉफ्टवेअरपुरता वेगळा पासवर्ड, काढून तो टाकायला लागतो, रोजचा पासवर्ड चालत नाही.

स्वस्तातल्या होस्टिंगवर मेल असला तर एकाच आयपीवर शेकडो वेबसाइट असतात. त्यातली कुणाची तरी वेबसाइट हॅक होऊन स्पॅम सोडते आणि चाळीतल्या एका नळामुळं सगळ्यांचं पाणी बंद व्हावं तसं होतं. इथं तुम्ही स्वतः काढून घेऊ शकत नाही, आयपी होस्टिंगवाल्याचा आहे, त्याला तिकीट टाका, बाउन्सची ओळ चिकटवा. वर्षातनं चार-पाच वेळा असं व्हायला लागलं तर माझं स्पष्ट मत आहे, मेल तिथनं काढून चांगल्या मेल कंपनीकडं न्या, वेबसाइट राहू दे तिथंच. एका अडकलेल्या ऑर्डरच्या पुढं ते पैसे काहीच नाहीत.

यादीतनं नाव काढायला स्पॅमहॉस पैसे घेत नाही. कुणी हजारो रुपये घेऊन काढून देतो म्हणत असला तर देऊ नका. बाराकुडाच्या साइटवर पण फुकटचा अर्ज आहे, कारण नीट लिहिलं तर साधारण १२ तासात बघतात. मायक्रोसॉफ्टच्या ५.७.६०६ वाल्या कोडांसाठी सेंडर डॉट ऑफिस डॉट कॉम हे पान आहे. पण आधी कारण मिटवा आणि मगच अर्ज करा. हॅक झालेलं अकाउंट तसंच ठेवून नाव काढून घेतलं तर दोन दिवसात परत लागतं, आणि दुसऱ्या वेळेला ते लवकर ऐकत नाहीत.

सहावं: मेलच्या आत काय आहे

कोडमध्ये मजकूर, कंटेंट, व्हायरस, स्पॅम स्कोअर असलं काही आलं तर मेल आतनं बघा. एक साधी चाचणी आहे, त्याच माणसाला दोन ओळींचा मेल पाठवा, अटॅचमेंट नाही, लिंक नाही, सहीतला लोगो पण नाही. हा गेला तर घोळ मजकुरात, हा पण परत आला तर घोळ ओळखीत किंवा आयपीत. नव्या माणसानं हे एवढं केलं तरी निम्मं कोडं सुटतं.

अटॅचमेंटचं म्हणाल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण पाठवताना फाइलचं रूपांतर होऊन ती साधारण एक तृतीयांशानं फुगते, म्हणून २० एमबीचे चादरीच्या डिझाइनचे फोटो वाटेत २६-२७ होतात. समोरच्या कंपनीची मर्यादा १० एमबी पण असू शकते. फोटो छोटे करा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. पासवर्ड लावलेली झिप फिल्टरला आतनं बघता येत नाही म्हणून तो संशय घेतो. मॅक्रोवाली (आत छोटे प्रोग्रॅम असलेली) एक्सेल, ईएक्सई फाइल, या पाठवूच नका, साधी पीडीएफ सगळ्यात बरी. लांब लिंक छोटी करून देणाऱ्या साइट वापरू नका, खरा पत्ता झाकला जातो.

विषयाची ओळ रिकामी ठेवू नका आणि "अर्जंट पेमेंट" असलं पण लिहू नका. पार्टीच्या ऑर्डरचा नंबर घाला.

दिवाळी किंवा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) शुभेच्छा एकाच मेलमध्ये चारशे पत्ते बीसीसीत टाकून पाठवायची पद्धत आहे आपल्याकडं, ती सोडा. त्यातले कित्येक पत्ते बंद पडलेले असतात, एकदम पाच-पन्नास बाउन्स होतात आणि काहीजण स्पॅमचं बटण दाबतात, आणि मग जानेवारीत खरी कोटेशन जाईनात. गूगल तर सांगतोच की तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली पाहिजे, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत.

सातवं: समोरच्याच्या आयटीशी बोला

आपलं सगळं पास दिसतंय, यादीत नाव नाही, साधा मेल पण परत येतोय, तर मग फिल्टर त्यांच्या बाजूनं जास्त कडक आहे आणि तो फक्त त्यांनाच सैल करता येतो. पार्टीला फोन करा किंवा व्हॉट्सॲप करा, "तुमचा मेल चालत नाही" म्हणू नका, त्यानं काही होत नाही. त्यांच्या आयटीवाल्याला देता येईल असं द्या: आपला पत्ता, कुणाला पाठवला, तारीख आणि वेळ भारतीय वेळेसकट, पाठवणारा आयपी, मेसेज आयडी (त्या मेलचा स्वतःचा ओळख नंबर), आणि बाउन्समधली ती एक ओळ जशीच्या तशी. स्क्रीनशॉट नको, अक्षरं कॉपी करून, कारण त्यांना ती लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, शोधायची असतात. आमचं डोमेन अलाउ लिस्टमध्ये, म्हणजे न अडवता घ्यायच्या यादीत, घ्या अशी विनंती करा. फोन नंबर नसला तर त्यांच्या डोमेनच्या पोस्टमास्टर या पत्त्यावर लिहा, मेलच्या नियमांप्रमाणं तो पत्ता प्रत्येक डोमेनला असायलाच पाहिजे.

आणि बाउन्सच आला नाही पण पार्टी म्हणते मिळालंच नाही, तर मेल त्यांच्या क्वारंटाइनमध्ये पडलेला असू शकतो. तिथं फिल्टर गपचूप बाजूला ठेवतो, आपल्याला काही कळवत नाही. समोरच्याला सांगा की क्वारंटाइनच्या यादीचा जो मेल येतो त्यात बघ आणि रिलीज कर.

हे सगळं होईपर्यंत काम थांबू नये म्हणून लोक घरच्या जीमेलवरनं प्रोफॉर्मा पाठवतात. फॅब्रिकचे फोटो पाठवा हवं तर, पण बँक डिटेल असलेला कागद तसा पाठवू नका. वेगळ्याच पत्त्यावरनं बँक खातं पाठवणं हीच फसवणूक करणाऱ्यांची पद्धत आहे, परदेशी पार्टीचे लोक त्याला घाबरतात आणि ते बरोबरच करतात. आधी फोनवर बोला, मग पाठवा.

अण्णांचं काय झालं

ट्रॅशमधनं काढलेल्या बाउन्सवर ५५० ५.७.१ होतं आणि पुढं परमएरर. मेल दिवाळीत गूगलवर नेला होता, दोन एसपीएफ पडून होते, आणि डीकिमचं बटण दाबलेलंच नव्हतं. इतके महिने चाललं कारण पार्टीचा जुना फिल्टर ढिला होता, त्यांनी नवीन बसवला आणि पहिल्याच दिवशी हे अडकलं. चूक आमचीच होती.

खरा वेळ गेला डीएनएसच्या लॉगिनला. तो मुलगा पुण्यात सापडला, चांगला होता, संध्याकाळी ओटीपी दिला. जुना एसपीएफ काढला, एकच ओळ ठेवली, डीकिमची चावी टाकली. डीएनएसचा बदल सगळीकडं पोचायला कधी तासभर, कधी ४८ तास लागतात, म्हणून रात्री काहीच पाठवलं नाही, अण्णांनी दोनदा विचारलं तरी. सकाळी माझ्या जीमेलवर "मूळ दाखवा"मध्ये एसपीएफ आणि डीकिम पास दिसले, डोमेन आपलंच. मग जर्मनीला आधी दोन ओळींचा मेल, तो गेला, दहा मिनिटं वाट बघितली, मग प्रोफॉर्माची पीडीएफ. दुपारी दीडला, म्हणजे तिकडं सकाळचे दहा, उत्तर आलं की मिळालं, फक्त बँक खातं फोनवर एकदा कन्फर्म करा.

त्या दिवशीच डीमार्क पण "नन"वर टाकून ठेवलाय. रोज गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडून त्याचे रिपोर्ट येतात, त्यात टॅलीचा सर्व्हर अजून फेल दाखवतोय, तो यादीत घातला आणि महिनाभर सगळं पास आलं की मग "क्वारंटाइन"वर, म्हणजे स्पॅममध्ये टाका या सूचनेवर, नेणार.